इंग्रजी वाक्यातला काळ वारंवार चुकतो: लक्षणे, तपासण्या आणि दुरुस्ती

लक्षणे

खाली दिलेल्या वाक्यांपैकी एखादे वाक्य, किंवा त्याच घडणीचे दुसरे एखादे, आपल्या लिखाणात पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढचा मजकूर आपल्या उपयोगाचा आहे.

'आय डिडन्ट वेंट' किंवा 'डिड यू सॉ हिम?' – नकार देताना आणि प्रश्न विचारताना भूतकाळ दोनदा येतो.

'शी वर्क इन अ बँक', 'ही डोन्ट नो' – तृतीयपुरुषी एकवचनाचा 'स' गळतो.

'आय हॅव वेंट', 'द ग्लास वॉज ब्रोक' – तिसऱ्या रूपाच्या जागी दुसरे रूप बसते.

'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' – 'विल' दोन्ही बाजूंना लागते.

'आय ॲम नॉट नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' – जिथे 'इंग' नको तिथे तो येतो.

'आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे', 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', 'आय हॅड कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९' – हे तीन नमुने सर्वांत चिवट असतात.

आणखी एक लक्षण असे, की प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर बरोबर असते, संगणकातला व्याकरण-तपासनीसही काही हटकत नाही, आणि तरीही वाचणारा विचारतो, 'यात आधी काय घडले आणि नंतर काय?'

इतरांचे इंग्रजी अर्ज, पत्रे आणि अहवाल दुरुस्त करताना हीच लक्षणे मला सतत भेटतात. नवलाची गोष्ट म्हणजे ज्यांना बारा काळांचा तक्ता तोंडपाठ आहे, त्यांच्याकडेही ती तितकीच दिसतात. म्हणून काळ चुकला की पुन्हा तक्ता घोकायला बसणे हा उपाय मला पटत नाही. दोष बहुधा दोनच ठिकाणी असतो: एक तर सहायक क्रियापद आणि त्याच्या पुढचे रूप यांच्या सांध्यात, नाहीतर मराठीतल्या 'आहे' आणि 'होता' यांना डोळे मिटून 'हॅव' आणि 'हॅड' करण्यात. पहिला दोष दोन मिनिटांत सापडतो, दुसऱ्याला वेळ लागतो. पुढच्या तपासण्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. दिवा लागत नसेल तर आधी बटण पाहावे, भिंत फोडायला घेऊ नये, इतकेच त्यामागचे तत्त्व आहे.

पहिली तपासणी: चूक काळाची आहे की उच्चाराची?

ही तपासणी फक्त बोलण्यापुरती आहे आणि तिला काहीही लागत नाही. चुकीचे वाटलेले वाक्य लिहून काढावे. लिहिताना 'वॉक्ड' बरोबर येत असेल आणि बोलताना मात्र ऐकणाऱ्याला 'वॉक' ऐकू येत असेल, तर व्याकरण ठीक आहे, शेवटचा व्यंजनध्वनी गिळला जात आहे.

नियमित क्रियापदांच्या शेवटी भूतकाळासाठी जी दोन अक्षरे जोडतात, त्यांचा उच्चार तीन प्रकारे होतो. मूळ क्रियापद 'ट' किंवा 'ड' या ध्वनीने संपत असेल तर 'इड' असा वेगळा अवयव ऐकू येतो, जसे 'वॉन्टेड', 'नीडेड'. ते 'क', 'प', 'स', 'श', 'च', 'फ' अशा अघोष ध्वनीने संपत असेल तर फक्त 'ट' ऐकू येतो; 'वॉक्ड' असे लिहिले तरी उच्चार 'वॉक्ट' असाच होतो. उरलेल्या सर्व ठिकाणी 'ड' येतो, जसे 'कॉल्ड', 'प्लेड'. पुष्कळांची अडचण अशी असते की ते सगळीकडेच 'एड' असा पूर्ण अवयव उच्चारतात, किंवा तो टाळण्याच्या नादात काहीच उच्चारत नाहीत. दोष इथेच सापडला तर पुढे जाण्याची गरज नाही. शब्दांची जोडी मोठ्याने वाचण्याचा सराव पुरेसा होतो.

दुसरी तपासणी: सांधे

या तपासणीवर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण लक्षणांच्या यादीतले पहिले तीन प्रकार इथेच मिटतात.

वाक्यातली सगळी क्रियापदे ओळीने अधोरेखित करावीत आणि सर्वांत डावीकडचे कोणते ते पाहावे. काळ दाखवण्याचे आणि कर्त्याशी जुळण्याचे काम एका साखळीत एकच क्रियापद करते, आणि ते म्हणजे हे पहिले. त्याच्या पुढचे प्रत्येक क्रियापद आपले रूप स्वतः ठरवत नाही. ते रूप आधीचा शब्द ठरवतो. नियम इतकेच आहेत. 'डू', 'डज', 'डिड' आणि 'विल', 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' यांसारख्या शब्दांनंतर नेहमी मूळ रूप येते. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांनंतर तिसरे रूप येते. 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' यांनंतर क्रिया चालू दाखवायची असेल तर 'इंग' लागलेले रूप येते आणि कर्मणी प्रयोग असेल तर तिसरे रूप येते.

'आय डिडन्ट वेंट' यात 'डिड' ने भूतकाळ एकदा दाखवून झाला आहे, म्हणून पुढे 'गो' हेच हवे. 'डज ही गोज?' मध्ये 'डज' ने 'स' घेतला आहे, म्हणून तो पुन्हा घ्यायचा नाही. 'आय ॲम अग्री' हे वाक्य हमखास ऐकू येते, पण 'ॲम' नंतर क्रियापदाचे मूळ रूप कधीच येत नाही, तेव्हा 'आय अग्री' एवढेच म्हणावे. साखळीत एकच क्रियापद असेल, तर काळ आणि 'स' हे दोन्ही त्यालाच घ्यावे लागतात: 'शी वर्क्स', 'शी वर्क्ड'.

आता तक्त्यातले सर्वांत भीतिदायक रूप घेऊ: 'शी विल हॅव बीन वेटिंग'. 'विल' नंतर मूळ रूप हवे, म्हणून 'हॅव'; 'हॅव' नंतर तिसरे रूप हवे, म्हणून 'बी' चे 'बीन'; 'बीन' नंतर 'इंग' हवे, म्हणून 'वेटिंग'. तीन सांधे जुळले आणि रूप तयार झाले. तक्त्यातली सगळी बारा रूपे याच तीन सांध्यांतून निघतात. सांधे कळले की तक्ता पाठ करण्याचे ओझे राहत नाही. न कळता पाठ केला तर कागदावर रिकाम्या जागा भरता येतात, पण पत्र लिहिताना हात अडतो.

तिसरी तपासणी: दुसरे रूप आणि तिसरे रूप

सांधा बरोबर आहे, 'हॅव' नंतर तिसरे रूप हवे हेही ठाऊक आहे, पण तिसरे रूपच चुकीचे आठवते आहे, असे होऊ शकते. इंग्रजीत नियमबाह्य क्रियापदे साधारण २०० च्या आसपास आहेत, आणि खोडी अशी की रोजच्या वापरातली बहुतेक क्रियापदे त्यांतच मोडतात: 'बी', 'हॅव', 'डू', 'से', 'गो', 'गेट', 'मेक', 'सी', 'कम', 'टेक'. 'गो' चे भूतकाळी रूप 'वेंट' असे विसंगत का, असे अनेकजण विचारतात. ते मुळात 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचे रूप होते आणि पुढे 'गो' ने ते आपलेसे केले.

सर्व २०० एकदम पाठ करू नयेत. 'कट', 'पुट', 'कॉस्ट', 'हिट' यांची तिन्ही रूपे सारखी असल्याने ती सोडून द्यावीत. 'बाय – बॉट – बॉट' यासारखी, ज्यांचे दुसरे आणि तिसरे रूप एकच आहे, तीही फारशी त्रास देत नाहीत. खरा त्रास तिन्ही रूपे वेगळी असणाऱ्यांचा: 'गो – वेंट – गॉन', 'सी – सॉ – सीन', 'डू – डिड – डन', 'ब्रेक – ब्रोक – ब्रोकन', 'राइट – रोट – रिटन', 'ड्रिंक – ड्रँक – ड्रंक'. यांतली आपण नेहमी वापरतो तेवढीच वेगळ्या कागदावर उतरवून ठेवावीत. 'लाय' आणि 'ले' ही जोडी मात्र इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही चकवते: आडवे होण्यासाठी 'लाय – ले – लेन', आणि काही ठेवण्यासाठी 'ले – लेड – लेड'. शंका आली की शब्दकोश उघडावा. कोणत्याही बऱ्या शब्दकोशात नियमबाह्य क्रियापदाची तिन्ही रूपे नोंदीच्या सुरुवातीलाच असतात.

चौथी तपासणी: 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या बाजूला 'विल' आहे का?

ही तपासणी यांत्रिक आहे. 'इफ', 'व्हेन', 'अनटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' या शब्दांनी सुरू होणारा उपवाक्याचा भाग शोधावा आणि त्यात 'विल' असेल तर ते काढून साधा वर्तमानकाळ ठेवावा: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. भविष्याचा अर्थ दुसऱ्या बाजूच्या 'विल' मुळे स्पष्ट झालेला असतो.

मराठीत आपण 'तो येईल तेव्हा सांगेन' असे म्हणतो, त्यातून हे जादा 'विल' येते. उलट 'तो आला तर सांगेन' यात मराठी भूतकाळी रूप वापरते, आणि त्यातून 'इफ ही केम, आय विल टेल हिम' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत 'इफ' नंतरचे भूतकाळी रूप शक्यता कमी असल्याचे किंवा ती नसल्याचेच सुचवते, आणि मग दुसऱ्या बाजूला 'वुड' लागते: 'इफ ही केम, आय वुड टेल हिम', 'इफ आय वेअर यू, आय वुड वेट'. येण्याची शक्यता खरीखुरी असेल तर 'इफ ही कम्स' हेच योग्य.

एक अपवाद लक्षात ठेवावा. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे 'व्हेन' अट किंवा वेळ सांगत नाही, तो आत दडलेला प्रश्न आहे. जाता जाता आणखी एक: 'अनटिल यू डोन्ट रिप्लाय' हे 'तुम्ही उत्तर देत नाही तोपर्यंत' याचे थेट रूपांतर आहे. 'अनटिल' मध्ये नकार आधीच असतो, म्हणून 'अनटिल यू रिप्लाय' एवढेच पुरते.

पाचवी तपासणी: या क्रियापदाला 'इंग' चालते का?

'मला कळते आहे', 'मला वाटते आहे' असे मराठीत सहज म्हणता येते आणि त्यातला 'आहे' आपल्याला 'ॲम' किंवा 'इज' कडे ओढतो. इंग्रजीत मात्र जाणणे, हवे असणे, आवडणे, मालकीचे असणे, सामावणे अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना सहसा 'इंग' लागत नाही: 'नो', 'बिलीव्ह', 'अंडरस्टँड', 'वॉन्ट', 'नीड', 'लाइक', 'ओन', 'बिलॉन्ग', 'कंटेन', 'सीम'.

काही क्रियापदे दुहेरी आहेत, आणि तिथे सरसकट 'इंग' खोडणेही चुकीचे ठरते. 'आय थिंक ही इज राइट' यात मत आहे. 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' यात विचार करण्याची क्रिया चालू आहे. 'आय हॅव टू ब्रदर्स' यात नाते आहे, ते काही आत्ता चालू नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' यात जेवणे चालू आहे. म्हणून कसोटी अशी लावावी: ही गोष्ट अर्ध्यावर थांबवता येते का? जेवण थांबवता येते, भाऊ असणे थांबवता येत नाही. ही कसोटी शंभर टक्के चालते असे नाही, पण पत्रव्यवहारात येणाऱ्या बहुतेक वाक्यांना ती पुरते.

सहावी तपासणी: वेळेचा शब्द बंद आहे की उघडा?

इथून पुढे काम थोडे कठीण होते, कारण रूप बरोबर असते आणि फक्त जागा चुकलेली असते. 'मी काल पत्र पाठवले आहे' हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र 'हॅव' असलेले रूप आजशी जोडलेले असते, आणि 'येस्टरडे' ही वेळ संपलेली, बंद झालेली असते. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत.

वाक्यातला वेळ दाखवणारा शब्द शोधावा. 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन २०१९', 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड' – ही मुदत संपलेली आहे, म्हणून साधा भूतकाळ: 'आय सेंट द लेटर येस्टरडे'. 'व्हेन' ने विचारलेला प्रश्नही याच गटात येतो. 'व्हेन हॅव यू सेंट इट?' असे म्हणू नये, 'व्हेन डिड यू सेंड इट?' असे म्हणावे. याउलट 'सो फार', 'एव्हर', 'नेव्हर', 'यट', 'ऑलरेडी', 'धिस वीक' हे शब्द मुदत अजून उघडी असल्याचे सांगतात, आणि तिथे पूर्ण वर्तमानकाळ शोभतो: 'आय हॅव सेंट थ्री लेटर्स धिस वीक'. 'धिस मॉर्निंग' मात्र घड्याळावर अवलंबून असतो: सकाळ चालू असेल तर 'हॅव', दुपार झाली असेल तर साधा भूतकाळ.

वेळेचा शब्दच नसेल, तर आपल्याला काय सांगायचे आहे ते पाहावे. काम झाले आहे आणि त्याचा परिणाम आज हाताशी आहे, एवढेच सांगायचे असेल तर 'हॅव'. इंग्रजी बातम्यांची पहिली वाक्ये या दृष्टीने वाचण्यासारखी असतात: मंत्र्याने राजीनामा दिल्याची बातमी पुष्कळदा 'हॅज रिझाइन्ड' अशी सुरू होते, आणि पुढच्या वाक्यात राजीनामा कधी व कुणाकडे दिला हे येताच काळ साधा भूत होतो. पहिले वाक्य आजची स्थिती सांगते, दुसरे घटना सांगते.

इथे दोन बारकावे आहेत. 'ही हॅज गॉन टू लंडन' म्हणजे तो गेला आहे आणि अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू लंडन' म्हणजे तो जाऊन आला आहे. दुसरे असे, की 'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट' यांच्यासह ब्रिटिश इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ पसंत करते, तर अमेरिकन इंग्रजीत 'आय जस्ट एट' असा साधा भूतकाळही सर्रास चालतो. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एका लेखनात एकच पद्धत पाळावी म्हणजे झाले.

सातवी तपासणी: 'पासून'

'मी पाच वर्षांपासून इथे काम करतो आहे' या वाक्यातून एकाच वेळी दोन चुका जन्माला येतात. पहिली अशी, की मराठीत इथे वर्तमानकाळ चालतो, पण इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर आलेल्या गोष्टीला 'हॅव' लागते. दुसरी अशी, की 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून' या दोन्हींना मराठीत एकच प्रत्यय पुरतो, तर इंग्रजी त्यांत फरक करते: आरंभबिंदूला 'सिन्स', कालावधीच्या लांबीला 'फॉर'. म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' किंवा 'सिन्स २०१९'. 'पासून' ऐकू आले की दोन प्रश्न विचारावेत: गोष्ट अजून चालू आहे का, आणि पुढे तारीख आहे की लांबी? क्रियापद 'नो' सारखे स्थितिदर्शक असेल, तर पाचव्या तपासणीला धरून 'इंग' गाळावा: 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स'.

आठवी तपासणी: 'हॅड' कशाच्या आधी?

सुशिक्षित, सफाईने इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाची ओळख पटवणारी एकच चूक सांगायची झाली, तर मी ही सांगेन. 'मी २०१९ साली पदवी घेतली होती', 'मी गेल्या आठवड्यात फोन केला होता' – मराठीत 'होती', 'होता' लावल्याने घटना थोडी मागे सरकते, ती होऊन गेली हा भाव येतो. दुसऱ्या कोणत्याही घटनेची गरज पडत नाही. हाच 'होता' आपण 'हॅड' करून इंग्रजीत नेतो.

इंग्रजीतला 'हॅड' अंतर दाखवत नाही, क्रम दाखवतो. भूतकाळातल्या एका क्षणावर उभे राहून त्याच्याही मागे पाहायचे असेल, तरच तो लागतो. त्यामुळे 'आय हॅड सेंट यू द फाइल येस्टरडे' असे वाचताच इंग्रजी वाचणारा पुढच्या घटनेची वाट पाहू लागतो: पाठवली होती, आणि मग काय झाले? ती घटना आलीच नाही, तर वाक्य अर्धवट लोंबकळते, किंवा त्यात तक्रारीचा सूर आहे असा गैरसमज होतो. फाइल पाठवल्याची साधी माहिती द्यायची असताना हे नको असते.

तपासणी सोपी आहे, पण ती दर 'हॅड' ला लावावी लागते. 'हॅड' पुढे थांबून विचारावे: 'कशाच्या आधी?' उत्तर त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात सापडले तर 'हॅड' राहू द्यावा. सापडले नाही तर तो काढून दुसरे रूप ठेवावे: 'आय सेंट यू द फाइल येस्टरडे', 'आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९'.

'हॅड' जिथे खरा हवा असतो तिथे तो अर्थच बदलतो. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे आपण पोहोचण्यापूर्वीच गाडी गेली होती. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आपण पोहोचलो आणि गाडी सुटली, कदाचित डोळ्यांदेखत. म्हणून ही तपासणी शिकल्यावर काहीजण सगळेच 'हॅड' खोडून टाकतात, तेही योग्य नाही. 'बिफोर' किंवा 'आफ्टर' हे शब्द क्रम स्वतःच सांगत असतील, तर 'हॅड' ठेवला काय आणि गाळला काय, फारसे बिघडत नाही.

व्याकरण तपासणारी संगणकीय साधने या दोषाला पुष्कळदा दाद देत नाहीत, आणि त्याचे कारण उघड आहे. 'आय डिडन्ट वेंट' ची घडणच मोडलेली असते, म्हणून ते यंत्राला दिसते. 'आय हॅड सेंट यू द फाइल' ची घडण निर्दोष असते. आपल्या मनात दुसरी घटना होती की नव्हती, हे यंत्राला कसे कळावे?

नववी तपासणी: परिच्छेद

शेवटी वाक्ये एकत्र वाचावीत. एका अर्जातला हा नमुना पाहावा. अशा मजकुरात वरचे बरेचसे दोष एकत्र भेटतात.

'आय हॅड जॉइन्ड धिस ऑफिस इन २०१९. आय ॲम वर्किंग इन द अकाउंट्स सेक्शन सिन्स फाइव्ह इयर्स. लास्ट मंथ आय हॅव अप्लाइड फॉर लीव्ह, बट आय डिड नॉट गॉट एनी रिप्लाय. व्हेन यू विल डिसाइड, प्लीज इन्फॉर्म मी.'

पहिल्या वाक्यातल्या 'हॅड' ला 'कशाच्या आधी' याचे उत्तर नाही, म्हणून 'आय जॉइन्ड'. दुसऱ्यात काम अजून चालू आहे आणि पुढे लांबी आहे, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग' आणि 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'लास्ट मंथ' ही बंद झालेली वेळ, म्हणून 'आय अप्लाइड'. 'डिड नॉट गॉट' चा सांधा चुकला आहे. 'डिड नॉट गेट' केले की व्याकरण शुद्ध होते, पण मी तिथे 'आय हॅव नॉट रिसीव्ड एनी रिप्लाय' असे करतो, कारण उत्तराची वाट आजही पाहिली जात आहे आणि अर्जदाराला नेमके तेच सांगायचे आहे. शेवटच्या वाक्यातले 'विल' जाते: 'व्हेन यू डिसाइड, प्लीज इन्फॉर्म मी'.

दुरुस्त परिच्छेदात काळ चार वेळा बदलतो. 'एका परिच्छेदात एकच काळ ठेवा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. काळ बदलायला हरकत नाही; प्रत्येक बदलामागे कारण हवे. मराठी कथनात 'तो येतो, बसतो आणि काही न बोलता निघून गेला' असे मध्येच वळण घेता येते. इंग्रजी कथनात मात्र वर्तमानकाळ निवडला तर तो निभवावा लागतो. त्यासाठी परिच्छेदातले प्रत्येक साखळीचे पहिले क्रियापद अधोरेखित करून समासात 'भूत', 'वर्तमान' असे लिहावे. जिथे खूण बदलते आणि कारण सांगता येत नाही, तिथे दोष आहे.

दुसऱ्याचे म्हणणे कळवताना 'ही सेड दॅट ही वुड कम' असे मागे सरकावे लागते. म्हटलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवला तरी चालतो. भविष्यकाळाच्या 'विल' आणि 'गोइंग टू' या भेदावर मी इथे वेळ घालवत नाही. 'जाईन' आणि 'जाणार आहे' हा फरक मराठी माणसाच्या अंगवळणी असतो, त्यामुळे तिथे क्वचितच काही बिघडते.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

करार, प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र, न्यायालयात किंवा परदेश-प्रवेशासाठी द्यावयाचे निवेदन – या कागदांतले काळ स्वतः दुरुस्त करू नयेत. करारातले 'शॅल' जुनाट वाटते म्हणून त्याचे 'विल' किंवा 'मे' करणे म्हणजे कदाचित बंधनाचे रूपांतर मुभेत करणे होय. 'हॅज पेड' आणि 'विल पे' यांत पैसे कुणाकडे आहेत हा प्रश्न असतो. असा मजकूर खटकला तर खूण करून वकिलाकडे द्यावा. शुद्धलेखनाची हौस इथे महागात पडते.

शोधनिबंध प्रसिद्धीसाठी पाठवायचा असेल, तर वरच्या तपासण्या स्वतः कराव्यात आणि मग भाषा-संपादकाकडे द्यावा. आपण केलेले प्रयोग बहुधा भूतकाळात आणि सर्वमान्य तथ्ये वर्तमानकाळात लिहितात, पण निष्कर्ष आणि आधीच्या संशोधनाचा आढावा यांबाबत नियतकालिकांचे संकेत वेगवेगळे असतात, आणि त्यांचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा जाणकाराचा हात फिरलेला बरा. संपादकाला हस्तलिखितासोबत घटनांचा क्रम मराठीत, तारखांसह लिहून द्यावा. त्याला इंग्रजी येते. आपल्या प्रयोगशाळेत आधी काय झाले ते त्याला ठाऊक नसते.

काही आठवडे या क्रमाने स्वतःचे लिखाण तपासूनही पाचव्या ते आठव्या तपासणीतला एखादा दोष तसाच राहत असेल, तर पुस्तक बदलून फरक पडणार नाही. मग आपले बोलणे आणि लिहिणे दोन्ही पाहील असा शिक्षक गाठावा आणि त्याला नेमका दोष सांगावा: 'मी एकट्या घटनेला हॅड लावतो.' काळांचा संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून घेण्याची गरज सहसा नसते, आणि तसा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाला आधी आपले लिखाण वाचायला द्यावे.

आणि एखादे वाक्य कितीही फिरवले तरी जमत नसेल, तर लिहिणे थांबवून मराठीत स्वतःला विचारावे की यातली कोणती घटना आधीची आहे. ते आपल्यालाच ठाऊक नसेल, तर ना शिक्षक उपयोगी पडतो ना संपादक; ज्याने ती घटना पाहिली त्याला, किंवा जिथे तिची नोंद आहे त्या कागदाला विचारून यावे आणि मग क्रियापदाला हात लावावा.